मोरीचं पाणी जातं कुठं?

2016 चा एप्रिल आठवतोय? मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं, पहिल्या खेपेला 10 वॅगन, साधारण 5 लाख लिटर, आणि सगळा देश टीव्हीवर ती ट्रेन बघत होता. आता गंमत बघा, त्याच मराठवाड्यात तेव्हाही आंघोळीचं, धुण्याभांड्याचं पाणी घराघरातून निघत होतं आणि दारासमोरच्या नालीत सडत होतं, त्याची ब्रेकिंग न्यूज काही झाली नाही.

हे लातूरच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी, तालुका हिमायतनगर. इथल्या लोकांनी सांडपाणी रस्त्यावर सोडायचंच बंद केलं. घराशेजारी शोषखड्डा, लोक त्याला मॅजिक पिट म्हणतात, पण जादूबिदू काही नाही. अंदाजे चार फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, टाकीला वरच्या अंगाला भोकं, भोवती दगडगोटे. मोरीचा पाइप टाकीत सोडायचा, मग राख, शितं, साबणाचा गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत, दगडांतून जमिनीत. संडासाचं पाणी यात अजिबात नाही हां.

आणि गावाचं नाव झालं ते पाण्यामुळं नाही, डासांमुळं! डासमुक्त गाव म्हणून. डासाला अंडी घालायला साचलेलं पाणी लागतं, अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस, आणि इथं वर झाकण, बाहेर थेंब नाही. मला तर वाटतं हेच बरं झालं, कारण जमिनीखालचं पाणी वाढलं की नाही हे कुणाला दिसतंय, पण रात्री डास चावेनासा झाला हे लगेच कळतं ना. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो गावांत रोजगार हमीतून असे खड्डे झाले.

जिरवायच्या आधी वापरायचं असेल तर आपल्याकडं जुनी सोय आहेच, मोरीमागं केळ, अळू, कर्दळ. फक्त कपड्यांच्या पावडरमध्ये सोडियम असतं, रोज तेच पाणी घातलं तर माती कडक होते, म्हणून साध्या पाण्याशी आलटून पालटून घाला, आणि कच्च्या खायच्या भाजीला तर नकोच. बादलीत साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी नाक धरावं लागतं.

खरी अडचण पुढं येते. काळ्या चिकणमातीत पाणी हळू जिरतं, पावसाळ्यात खड्डा तुंबतो, तिथं खड्डा मोठा लागतो. आणि गाळ! उद्घाटनाच्या फोटोला सगळे हजर, पण काही महिन्यांनी टाकीतला गाळ उपसायला घरातलंच कुणीतरी, बहुतेक वेळा बाईच. त्यामुळं झाकण करून घेतानाच तिला विचारा, एकटीला उचलेल आणि पोरांना उचलणार नाही, एवढंच जड पाहिजे.