आईची ड्युटी, लेकीचा फोन

[दृश्य : पणजी बसस्थानकाजवळ संध्याकाळ. पुण्याच्या रात्रीच्या गाडीत खोकी चढतायत.]

निवेदन :
पुण्याच्या गाडीच्या पोटात रोज अशी खोकी चढतात. आत काय आहे हे उघडून बघावं लागत नाही. सोलं, काजूगर, आंब्याची साठं आणि दोन पिशव्यांत गुंडाळून वर डब्यात कोंबलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. झाकण नीट बसलं नसेल तर सकाळी पुण्यातल्या वाकडच्या फ्लॅटभर वास पसरतो, सोबत राहणाऱ्या मुली नाक मुरडतात आणि लेकीचा मेसेज येतो : "परत पाठवू नकोस." आईनं ते खोकं दुपारची ड्युटी करून, घरचं सगळं आवरून, रात्री जागून बांधलेलं असतं. मग पंधरा दिवस फोनवर "हं" आणि "बरं" एवढंच.

भांडण सुंगटांचं नसतंच. आई वस्तूंतून, कामांतून देते. लेकीला हवा असतो तिचा वेळ, आणि तोच आईकडे कधी नव्हता.

[दृश्य : गोव्यातल्या साखळी गावच्या एका जुन्या प्राथमिक शाळेचा व्हरांडा.]

1961 ला गोवा मुक्त झाल्यानंतर इथं गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. सत्तरी, डिचोली, पेडण्यातल्या ज्या मुली त्या बाकांवर शिकल्या, त्यातल्या कितीतरी पुढे शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या, पंचायतीत आणि खात्यांत कारकून झाल्या. पगार घरात आला, पण चूल काही खांद्यावरून उतरली नाही. मुलगी आजीकडे वाढली. थोरली असेल तर धाकट्याला भरवणं, भात लावणं, वडलांना चहा देणं हे तिच्याच वाट्याला आलं. आई म्हणते, "तुमच्यासाठीच राबले." लेक मनात म्हणते, तू राबलीस तेव्हा घर मी सांभाळलं. दोघींचंही खरं. त्यामुळे कोण चुकलं याचा निवाडा करायला बसलं की गाडी तिथंच अडते.

[दृश्य : ओट्यावर टेकवलेला फोन. कुकरची शिट्टी.]

आता हा फोन ऐका. साडेआठ वाजलेत. "जेवलीस गो? पगार झाला? त्या स्थळाचं काय ठरलं? थांब, दूध उतू जातंय." दोन मिनिटांत तीन प्रश्न, आणि एकाचंही उत्तर पुरतं ऐकलेलं नाही. आईच्या लेखी ही काळजी, लेकीच्या लेखी हजेरी.

यावर उपाय साधा आहे, पण नेमाने करावा लागतो. आईची शिफ्ट असेल तर महिन्याचं ड्युटीपत्रक लागलं की त्याचा फोटो लेकीला पाठवावा आणि त्यावरूनच आठवड्यातले दोन वार धरावेत. वीस मिनिटं पुरतात. रात्रपाळी उतरल्यावरची सकाळ मात्र वगळावी. झोप न झालेल्या बाईला साधा प्रश्नही टोचतो. त्या वीस मिनिटांत गॅस बंद आणि स्पीकर बंद. स्पीकर चालू असला की मागून वडील किंवा भाऊ सल्ला देतात, आणि लेक तिथंच मिटते. ती अडचण सांगू लागली की आईनं आधी एवढं विचारावं : "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" पहिले चार-सहा फोन अवघडल्यासारखे जातात. बहुतेक जणी इथंच सोडून देतात.

रागाचा मेसेज लिहावा, पण रात्री पाठवू नये. आणि घरच्या ग्रुपवर तर कधीच नको. तिथं मामी वाचते, काकू वाचते, मग माफी मागायची झाली तरी चारचौघांत मागावी लागते.

[दृश्य : चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातलं स्वयंपाकघर. परातीत नेवऱ्या, म्हणजे गोव्याच्या करंज्या.]

चवथ हा खरा कसोटीचा काळ. लेक चार दिवसांची रजा काढून येते. आईकडे माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान, पाहुणे, आणि ती बचत गटात असेल तर नेवऱ्यांच्या ऑर्डरीही. लेक परत निघते ती "घरी गेले, पण आई भेटलीच नाही" असं म्हणत. पण बोलायला याच नेवऱ्या उपयोगी पडतात. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत मनातलं काढणं दोघींनाही जड जातं. शेजारी बसून, हात पिठात असताना ते सोपं होतं. चाळीसेक नेवऱ्यांचं काम घ्यावं, दोघींनीच. आईनं लाटावं, लेकीनं सारण भरून दुधाचं बोट कडेला फिरवावं आणि कातण्यानं कापावं.

बिघडतं ते नेमकं इथं. लेकीची नेवरी जरा वाकडी होते, आई काही न बोलता ती उचलते आणि पुन्हा दाबते. झालं! वीस वर्षांचा हिशेब त्या एका नेवरीवर निघतो. तेलात फुटेल त्या नेवरीला फुटू द्यावं.

लग्न झालेल्या लेकीकडे पहिल्या चतुर्थीला माहेरून जे व्हजें, म्हणजे भेटीचं सामान, जायचं, त्यात किती आणि काय हेही आधी तिलाच विचारावं. सासरी त्याची उत्तरं तिला द्यावी लागतात.

बोलणं पूर्ण तुटलं असेल, किंवा दोघींपैकी एकीची झोप-भूक उडाली असेल, तर 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. प्रत्यक्ष जायचं तर बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. आणि घरात मारहाण झालेली असेल, तर लेकीनं लांब राहणं हाच उपाय. तिला "आईच ना ती" म्हणून परत ढकलू नये.

[दृश्य : टेबलावर कागद, चष्मा, पेन.]

एक विषय गोव्यातच जास्त पेटतो, तो सहीचा. इथं 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी समान वाटेकरी आहेत. आजही आईवडलांना मृत्युपत्रानं आपल्या मालमत्तेचा अर्धाच भाग मनाप्रमाणे देता येतो, उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव असतो. त्यामुळे वडील गेल्यावर घर विकायचं तर लेकीची सही लागते, लग्न झालेलं असेल तर जावयाचीही. अशा वेळी "भावासाठी वाटा सोडून दे" हा निरोप बहुधा भाऊच आणतो, आणि लेक समजते की हे आईचंच म्हणणं. म्हणून आईनं हे स्वतःच्या तोंडानं बोलावं. सही करायच्या कागदाच्या मसुद्याची प्रत लेकीला निदान आठ दिवस आधी द्यावी, तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्यावी. ती नाही म्हणाली, तर त्या महिन्यात तो विषय पुन्हा काढू नये. आणि आई हयात असताना तिच्या वाट्याचा वारसा आत्ताच सोडून दे असा कागद कुणी पुढे केलाच, तर त्यावर सही करायची गरज नाही : जिवंत माणसाचा वारसा सोडता येत नाही.