मणी निवडताना आधी भोक बघा, रंग नंतर

नमस्कार मंडळी! मणीकाम शिकायचं ठरलं की माणूस आधी रंगांवर भाळतो. भरभरून मणी घरी येतात आणि मग लक्षात येतं की सुई आत जातच नाही. किंवा पहिल्यांदा जाते आणि तिसऱ्या खेपेला अडकते. म्हणून आज रंग थोडे बाजूला ठेवू. आज मण्याच्या भोकाबद्दल बोलू.

(तळहातावरचे मणी जवळून)

हे बारीक काचेचे मणी, म्हणजे सीड बीड्स. पाकिटावर ११/० लिहिलंय, दिसतंय? इथे हिशेब उलटा असतो. आकडा जितका मोठा, तितका मणी लहान. ६/० चा मणी साधारण ४ मिलिमीटरचा, ८/० चा ३, ११/० चा २ च्या आसपास आणि १५/० चा जेमतेम दीड. नवशिक्यांना सर्रास ११/० घ्यायला सांगतात. मला ते पटत नाही. पहिली पट्टी ८/० ने विणा, टाका कुठे चुकला ते निदान डोळ्यांना दिसेल तरी.

आकडा तोच असला तरी मणी तसाच असेल, असं नाही हं. चेक मणी, म्हणजे चेक प्रजासत्ताकातले, गोलसर, जरा चपटे, आणि एकाच पाकिटात जाड-बारीक निघतात. मियुकी, तोहो हे जपानी मणी बरेच एकसारखे. मियुकीचे डेलिका तर नळीच्या आकाराचे, भिंत पातळ आणि भोक मोठं, त्यामुळे सपाट विणीत विटांसारखे एकमेकांना लागून बसतात. पण म्हणून चेक मणी टाकाऊ ठरतात असं नाही. साध्या माळेत त्यांचा तो कमीजास्तपणा उलट छान दिसतो. फक्त एकाच पट्टीत दोन्ही मिसळू नका, कड वेडीवाकडी होते.

आता भोक एवढं महत्त्वाचं का, ते पेयोटी वीण, म्हणजे मणी विटांसारखे एकाआड एक बसवायची वीण, करताना कळेल. दोऱ्याला आधी एक अडवा मणी लावा, म्हणजे एकाच मण्यातून दोरा पुन्हा फिरवून घ्या, गाठ नको. मग दहा मणी ओवा.

(सुई आणि मणी जवळून)

अकरावा मणी घ्या. दहावा सोडा, सुई नवव्यातून काढा. पुढचा मणी घ्या, आठवा सोडा, सातव्यातून काढा. असं करत पहिल्यापर्यंत या. आधीचे दहा मणी आता खाली-वर सरकतात आणि त्यांच्या दोन ओळी होतात. नवे पाच मणी ही तिसरी ओळ. परत फिरताना मणी घ्यायचा आणि जो मणी वर आलाय त्यातून सुई काढायची. सुरुवातीला ही पट्टी पिळवटते, हातात राहत नाही. वैतागू नका, चार-पाच ओळींनंतर ती आपोआप सरळ बसते.

म्हणजे प्रत्येक मण्यातून दोरा दोनदा तरी जातोच. शिवाय शेवटी दोऱ्याचं टोक जिरवायला तुम्ही त्याच मण्यांतून पुन्हा नागमोडी फिरणार. तीन-चार पदर मावतील एवढं भोक नसेल, तर मणी तडकतो. सुई अडकली की पकडीने ओढायचा मोह होतो. नका ओढू. एक तर बारीक सुई घ्या, १० ऐवजी १२ नंबरची, नाही तर दुसऱ्या मण्यातून वाट काढा.

दोऱ्याचं थोडक्यात. नायलॉन मऊ असतो, पण ताणतो, म्हणून वापरण्याआधीच ओढून घ्या. फायरलाइन हा मुळात मासेमारीचा दोरा, तो ताणत नाही. त्याचं टोक नखाने चपटं केलं की नेढ्यात पटकन जातं. आणि त्या लांब नळ्या असतात ना, बगल बीड्स, त्यांच्या कडा धारदार असतात, दोरा कापतात. दोन्ही बाजूंना एकेक बारीक मणी ठेवा.

बरं, रंगावर एवढंच. काही मण्यांना रंग फक्त वरून दिलेला असतो. चार-पाच मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवून ठेवा, चार-पाच उन्हात ठेवा आणि पाकिटातल्या मण्यांशी ताडून बघा. रंग उतरला, तर ते मणी अंगावर घालायच्या वस्तूत वापरू नका. घामाने काय होणार ते कळलंच.

आज मुद्दाम दहा मणी घेतले, कारण सम संख्येत ओळ संपल्यावर वळणं सोपं असतं. विषम संख्येत शेवटच्या मण्याला अडकवायला जागाच उरत नाही, तिथे दोरा वेगळ्या वाटेने फिरवावा लागतो. ते वळण पुढच्या व्हिडिओत, सावकाश, मोठ्या मण्यांवर दाखवते.