पार्क स्टेडियमला रणजी दरवर्षी पाहिजे

सकाळचे सात पण वाजले नाहीत, पार्क चौकात चहाच्या गाड्या आत्ता लागतायत आणि आत इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्क मैदानावर, कव्हर काढायचं काम सुरू झालंय. जानेवारी 2024, रणजी ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या टीमची चार दिवसांच्या मॅचेसची स्पर्धा, त्यातला वरच्या दर्जाचा एलिट ए ग्रुप. बऱ्याच वर्षांनी रणजी सोलापुरात आलीय आणि एक नाही, महाराष्ट्राच्या दोन मॅचेस, 5 तारखेपासून मणिपूरशी, 19 पासून सौराष्ट्राशी, मधल्या दिवसांत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा.

हे कव्हर कसं उचलतात बघा. वर रात्रीचं दव साठलंय, चारी कोपरे एकदम उचलले तर सगळं पाणी मधोमध जाणार, म्हणून एक बाजू आधी वर घेतात, पाणी हळूहळू दुसऱ्या कडेला आणतात आणि मग खेळपट्टीपासून लांब नेऊन ओततात. एवढी काळजी कशासाठी, तर मॅच चालू झाली की पिचला पाणी घालता येत नाही, नियमच आहे तो, त्यामुळं आत जेवढा ओलावा आधी मुरवलाय तेवढ्यावरच चार दिवस काढायचे. काळ्या मातीचं आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको, पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून मॅचच्या कितीतरी दिवस आधीपासून पाणी द्यायचं, थोडं सुकू द्यायचं, रोलर फिरवायचा, परत पाणी, परत रोलर, आणि गवत मुळासकट धरून ठेवायचं कारण माती बांधून ठेवतात ती मुळंच. हे काका अंगठ्यानं दाबून बघतायत ना, ते बघून ठरतं आज रोलर जड घ्यायचा का हलका.

रोज सकाळी गवत कापायचं, क्रीजची पांढरी रेष परत मारायची, बॉलरच्या पायानं पडलेले खड्डे भरायचे. बॅटिंग करणाऱ्या कॅप्टननं मागितला तर रोलर सात मिनिटं, वर एक मिनिट नाही. साडेनऊला पहिला बॉल पडला की ही सगळी माणसं बाउंड्रीबाहेर जाऊन बसतात, त्यांचं नाव स्कोअरकार्डवर कुठंच येत नाही आणि मला हे फार खटकतं.

आता ग्रुपचा हिशोब. आठ टीम, प्रत्येकीच्या सात मॅचेस, वरच्या दोनच पुढं जाणार. मॅच सरळ जिंकली तर 6 पॉइंट, डावानं किंवा दहा विकेटनं जिंकली तर 7, ड्रॉ झाली तर पहिल्या डावात लीड घेणाऱ्याला, म्हणजे जास्त रन करणाऱ्याला, 3 आणि दुसऱ्याला 1. म्हणून नववा-दहावा बॅट्समन तासभर नुसता बॉल अडवत उभा राहतो त्याला कंटाळवाणं म्हणू नका, तो तीन पॉइंटसाठी उभा असतो. लीडची किंमत केरळला विचारा, 2025 मधे पुण्याजवळच्या गहुंज्यात जम्मू-काश्मीरविरुद्धची क्वार्टरफायनल ड्रॉ झाली आणि ते एका रनच्या लीडवर पुढं गेले!

मणिपूर 2018-19 ला रणजीत आलेली टीम, तिच्यावर महाराष्ट्रानं डावानं विजय मिळवला, पूर्ण 7 पॉइंट. सौराष्ट्र मात्र आदल्या सीझनचा चॅम्पियन, त्यांच्याकडून हरलो.

स्टँडमधली ही पोरं बघा, एक घोळका मराठीत ओरडतोय, शेजारचा तेलुगूत, मागून कन्नड, आणि आउटचं अपील सगळ्यांचं एकच. याच गावात पॉली उम्रीगर जन्मले, कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक ज्यांच्या नावावर आहे ते, 1955, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध 223. आणि ह्या मॅचेस चालू होत्या तेव्हा सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी भारताच्या अंडर-19 टीमबरोबर साउथ आफ्रिकेत होता, महिनाअखेरीला वर्ल्डकपमधे अमेरिकेविरुद्ध त्यानं 108 मारले. तो ज्या गावात खेळायला शिकला तिथल्या पोरांना चार दिवसांची मॅच डोळ्यांसमोर बघायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही, टीव्हीवर लीव्ह केलेला, म्हणजे न खेळता सोडून दिलेला बॉल कोणी दाखवत नाही, इथं तो दिसतो, त्याच्यावर बॉलर काय बोलला तेसुद्धा ऐकू येतं.

सीझनचं म्हणाल तर ग्रुपमधून विदर्भ आणि सौराष्ट्र पुढं गेले, महाराष्ट्र मागं राहिला. गहुंज्यात मॅचेस होतातच, होऊ देत, पण त्यातली एक तरी दरवर्षी सोलापूरला द्या आणि तारीख आधी कळवा, म्हणजे शाळांना पोरं आणता येतील आणि पिच तयार करायला ह्या माणसांना पुरेसे दिवस मिळतील.