मंगळ उलटा का चालतो? ग्रीकांचं उत्तर आणि त्यात दडलेला सूर्य

नमस्कार मंडळी!

डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात ज्यांनी रात्रीच्या आकाशावर नजर ठेवली होती, त्यांना मंगळाची ती चाल आठवत असेल. पुष्य नक्षत्राच्या आसपास तो थबकला आणि उलटा, म्हणजे पश्चिमेकडे सरकू लागला. जानेवारीत पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांजवळून गेला. फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा थबकला आणि नेहमीसारखा पूर्वेकडे निघाला. पंचांगात आपण वाचतो ना, मंगळ वक्री, मंगळ मार्गी, ते हेच. साधारण ७८० दिवसांनी हा प्रकार पुन्हा घडतो, आणि मंगळ वक्री असतानाच सगळ्यात तेजस्वी दिसतो.

या चालीचं प्राचीन ग्रीकांनी काय उत्तर दिलं, ते आज बघायचंय. पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे हे त्यांचं गृहीतक चुकीचं होतं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्या गृहीतकावर त्यांनी उभं केलेलं गणित इतकं नेटकं आहे की त्यातून आजही सूर्यमालेची मापं काढता येतात. ती आपण काढणार आहोत, तेव्हा कॅल्क्युलेटर जवळ घेऊन बसा.

आधी एक शंका दूर करू. पृथ्वी फिरते हे त्यांना सुचलंच नव्हतं का? सुचलं होतं. सामोस बेटावरच्या ॲरिस्टार्कसने इ.स.पू. तिसऱ्या शतकात पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडलं होतं. पण पृथ्वी एवढा मोठा फेरा मारत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर ताऱ्यांच्या जागा थोड्या तरी हललेल्या दिसायला हव्यात. त्या कुणालाच हललेल्या दिसल्या नाहीत. तारे फार फार दूर आहेत, हे ॲरिस्टार्कसचं उत्तर बरोबर होतं, पण ते पडताळायचं कसं? ताऱ्याची ती जागाबदल प्रत्यक्ष मोजायला १८३८ साल उजाडावं लागलं. हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्यासाठी जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने ती मोजली, आणि ती भरली एका अंशाच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी. नुसत्या डोळ्यांनी हे दिसणं अशक्य. म्हणून पृथ्वी स्थिर मानणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. हातात असलेल्या पुराव्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष रास्त होता.

आता ग्रहांकडे वळू. पहिला मोठा प्रयत्न युडॉक्ससचा, इ.स.पू. चौथ्या शतकातला. एकात एक बसवलेले गोल, सगळ्यांच्या मध्यभागी पृथ्वी, प्रत्येक गोलाचा आस वेगळा. असे एकूण २७ गोल. कॅलिपसने ते ३४ केले, ॲरिस्टॉटलने ५५ वर नेले. ग्रह मागे-पुढे होताना दाखवणं या गोलांना जमलं. पण सगळे गोल पृथ्वीभोवतीच असतील, तर ग्रहाचं आपल्यापासूनचं अंतर कधी बदलणारच नाही. मग मंगळ एरवी मंद आणि वक्री असताना झगझगीत का दिसतो? यावर गोलांकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आलं ते वर्तुळावरच्या वर्तुळातून. पर्गा गावच्या अपोलोनियसने इ.स.पू. २०० च्या सुमारास याचं गणित मांडलं. चला, टेबलावर करून बघू.

(कॅमेरा टेबलावर, वरून)

हा कागद. मधलं टिंब म्हणजे पृथ्वी. तिच्याभोवती ६० मिलिमीटर त्रिज्येचं मोठं वर्तुळ काढलंय, याला डेफरंट म्हणतात. ही पारदर्शक प्लॅस्टिकची चकती, त्रिज्या ३९.५ मिलिमीटर. हिचं केंद्र मी मोठ्या वर्तुळाच्या रेषेवर ठेवतो. ही झाली एपिसायकल. चकतीच्या कडेला लाल टिकली चिकटवली आहे, तो आपला मंगळ. चकतीचं केंद्र मोठ्या वर्तुळावरून सरकतं आणि चकती स्वतःभोवतीही फिरते, दोन्ही एकाच दिशेने.

टिकली चकतीच्या बाहेरच्या टोकाला असली की दोन्ही गतींची बेरीज होते. मंगळ भरभर पुढे जातो, आणि लांब असल्यामुळे मंद दिसतो. आता टिकली आतल्या बाजूला, पृथ्वीजवळ आणतो. इथे केंद्र पुढे चाललंय, पण चकती टिकलीला मागे नेतेय. जिंकणार कोण? आकडे घालू. केंद्र ६८७ दिवसांत एक फेरी मारतं, म्हणजे रोज ०.५२४ अंश. त्याला ६० ने गुणा, आले ३१.४. चकती रोज ०.९८६ अंश फिरते. त्याला ३९.५ ने गुणा, आले ३८.९. मागे नेणारी ओढ मोठी ठरली, म्हणून मंगळ वक्री! आणि नेमका तेव्हाच तो आपल्या सगळ्यात जवळ, म्हणून तेजस्वी. जी गोष्ट ५५ गोलांना जमली नाही, ती दोन वर्तुळांनी साधली.

हे ६० आणि ३९.५ मी मनाने घेतलेले नाहीत. हे टॉलेमीचे आकडे आहेत. टॉलेमी हा खगोलशास्त्रज्ञ इ.स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात काम करत होता. त्याचा तेरा भागांचा ग्रंथ आज अल्माजेस्ट या नावाने ओळखला जातो. मंगळ आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतानाच्या तीन वेधांवरून, म्हणजे निरीक्षणांवरून, इ.स. १३०, १३५ आणि १३९ सालच्या, त्याने मंगळाच्या मोठ्या वर्तुळाची मांडणी ठरवली. तीन वेध, बाकी सगळी भूमिती. मला याचं फार कौतुक वाटतं.

आणि हो, ग्रीकांनी वर्तुळांवर वर्तुळं रचत डझनावारी गर्दी केली, असं तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. टॉलेमीच्या मंगळाला एकच डेफरंट आहे आणि एकच एपिसायकल.

आता माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग. मघाशी चकतीचा रोजचा वेग ०.९८६ अंश घेतला होता, आठवतंय? ३६० ला ३६५.२५ ने भागून बघा. तोच आकडा येतो. म्हणजे मंगळाची चकती बरोबर एका वर्षात फिरते. मंगळाचा आणि आपल्या वर्षाचा संबंध काय? गुरू आणि शनीच्या चकत्याही वर्षातच फिरतात. टॉलेमीला हे पक्कं माहीत होतं. या तिन्ही ग्रहांच्या बाबतीत चकतीच्या केंद्रापासून ग्रहाकडे जाणारी रेषा नेहमी पृथ्वीकडून सूर्याच्या मध्यम स्थानाकडे (सूर्य एकसारख्या वेगाने चालतो असं धरून काढलेल्या जागेकडे) जाणाऱ्या रेषेला समांतर राहते. बुध-शुक्राच्या बाबतीत चकतीचं केंद्रच सूर्याच्या दिशेला असतं. सूर्य सगळीकडे आहे! अल्माजेस्टमध्ये हे नियम म्हणून येतं, कारण म्हणून येत नाही.

कारण असं, की ती चकती म्हणजे आपल्याच पृथ्वीची कक्षा आहे. आपण फिरतो, त्या फिरण्याचा ठसा प्रत्येक ग्रहाच्या चालीवर पडतो. तसं असेल तर दोन त्रिज्यांचं गुणोत्तर म्हणजे दोन कक्षांचं गुणोत्तर. घ्या कॅल्क्युलेटर. ६० भागिले ३९.५, उत्तर १.५१९. सूर्य-पृथ्वी अंतर एक धरलं तर मंगळाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर आज आपण १.५२४ मानतो. गुरूची चकती ११.५ ची, म्हणजे ६० भागिले ११.५, उत्तर ५.२२. आजचा आकडा ५.२०. शनी थोडा चुकतो, ९.२३ येतं, हवं ९.५४. शुक्राचं उलटं करायचं, कारण तिथे मोठं वर्तुळ आपलं आणि छोटं शुक्राचं. ४३.१७ भागिले ६०, म्हणजे ०.७२. आजचा आकडा ०.७२३.

दुर्बीण नाही, मिनिटकाटा असलेलं घड्याळ नाही, आणि मध्यभागी भलताच गोल ठेवलेला. तरी ही मापं त्या ग्रंथात जवळजवळ चौदा शतकं पडून होती. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मध्ये ठेवला, तेव्हा त्यांचा अर्थ लागला.

टॉलेमीचं सगळंच बसलं असं मात्र नाही. त्याच्या चंद्राच्या रचनेत चंद्राचं अंतर इतकं कमी-जास्त होतं की तो महिन्याच्या आतच कधीकधी जवळपास दुप्पट मोठा दिसायला हवा. असं कुणी कधी पाहिलेलं नाही. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-शातिरने ही चूक दुरुस्त केली.

वर्तुळावरचं वर्तुळ आपल्याकडेही आहे. ४९९ सालच्या आर्यभटीयात ग्रहांसाठी मंद आणि शीघ्र असे दोन परिधी, म्हणजे अशीच छोटी वर्तुळं, येतात, आणि ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत याच प्रकारचं गणित विस्ताराने मांडलं. आकडे वेगळे, पद्धत वेगळी. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करणार आहे.

जाता जाता एक गोष्ट राहिली, इक्वंट. मंगळाचा वेग सगळीकडे सारखा नसतो, हे टॉलेमीच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्याने मोठ्या वर्तुळाची त्रिज्या ६० भाग धरून पृथ्वीला त्याच्या केंद्रापासून ६ भाग बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर एक रिकामा बिंदू घेतला. त्या बिंदूवरून पाहिलं तर चकतीचं केंद्र एकसारख्या वेगाने फिरतं. कोपर्निकसला ही कल्पना अजिबात पसंत नव्हती. पण केप्लरने १६०९ मध्ये मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा मांडली, तिच्या एका नाभीत सूर्य आहे आणि दुसरी नाभी रिकामी. त्या रिकाम्या नाभीवरून पाहिलं तर ग्रह जवळजवळ एकसारख्या वेगाने फिरताना दिसतो. टॉलेमीचे ६ भागिले ६० म्हणजे ०.१. मंगळाच्या कक्षेची विकेंद्रता, म्हणजे सूर्य कक्षेच्या मध्यापासून किती बाजूला आहे त्याचं माप, आज आपण ०.०९३ मानतो.