तांब्याच्या हंड्यातलं पाणी

नमस्कार, श्रोतेहो. मी लातूरचा. २०१६च्या एप्रिलात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा गावात घरात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवून समुद्र पाळायचा म्हणजे खूळच, असं घरचे म्हणतात. मी म्हणतो, टाकी साठ लिटरची. तीन-चार बादल्यांचा तर कारभार.

टाकीत कणा नसलेले जीव आहेत: कोळंबी, शंखात राहणारा खेकडा, दोन गोगलगायी. मासा पाण्यातली थोडी हयगय सोसतो, यांना ती सोसत नाही.

बोअरचं पाणी आपल्याकडे जड, वर शेतातल्या खताचं नायट्रेट त्यात उतरलेलं. घरच्या आरओचं पाणीही तसंच वापरू नका. चवीसाठी त्यात थोडे क्षार राखलेले असतात. आरओनंतर डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांतून काढून मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आला पाहिजे. मग त्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ घालायचं, किराणा दुकानातलं नव्हे. क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग क्षार, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे टाकीतल्या घाणीतून होणारी विषं, शून्य. एवढं जमेपर्यंत जीव आणायची घाई करू नका.

मे महिन्यात मात्र परीक्षा असते. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला मी वर पंखा लावला, तर रोज बोटभर पाणी उडायला लागलं. मी शहाणा, खारं पाणीच भरत गेलो! अहो, वाफ होते ती पाण्याची. मीठ खालीच राहतं. आठवड्यात टाकी खारट झाली आणि खेकडा शंखाबाहेर येईना. उडालेल्या पाण्याच्या जागी शून्य टीडीएसचं गोडं पाणीच घालायचं.

आता तांबं. आपण तांब्याच्या हंड्यातलं पाणी औषधी मानतो. गंमत बघा, कोळंबी-खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं जरासं तांबं त्यांना मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या काही औषधांत तेच असतं. एकदा टाकीत पडलं की दगड-वाळू ते धरून ठेवतात आणि पुढं हळूहळू सोडत राहतात. म्हणून आजारी माशाला वेगळ्या बादलीत औषध द्या. ती बादली, तो मग, ती जाळी या टाकीकडे फिरकू देऊ नका. माझ्या औषधाच्या बादलीला मी लाल रंग फासलाय, घरातल्या कुणी चुकून उचलू नये म्हणून.