गुडघ्याखाली चार बोटं

श्रोतेहो, नमस्कार. बसून ऐकत असाल तर एक गुडघा वाकवा आणि वाटीच्या खाली चाचपून पाहा. दोन बाजूंना दोन खळगे लागतील. त्यातला बाहेरचा, म्हणजे पायाच्या करंगळीच्या बाजूचा खळगा धरा. त्याच्या खाली हाताची चार बोटं जुळवून आडवी ठेवा. बोटं संपतात त्या पातळीवर, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर, अंगठ्याने दाबा. आत ठसठसलं? अ‍ॅक्युपंक्चर करणारे, म्हणजे अंगावरच्या ठरावीक जागी सुया टोचून उपचार करणारे चिनी वैद्य या जागेला 'त्सूसानली' म्हणतात. 'त्सू' म्हणजे पाय, 'सान' म्हणजे तीन आणि 'ली' हे अंतराचं जुनं माप, साधारण अर्धा किलोमीटर. थकलेल्याने इथे दाबावं आणि आणखी तीन ली चालावं, असा या नावाचा लोकांत रूढ असलेला अर्थ.

आपण या जागांना 'बिंदू' म्हणतो. चिनी शब्द 'श्युए' मात्र पोकळी, गुहा असं सांगतो, आणि मला तो जास्त खरा वाटतो. कारण ही जागा नकाशावर ठिपका पाहून नव्हे, बोटाने खळगा चाचपूनच सापडते. मापाची पट्टीही ज्याची त्याचीच. अंगठ्याची रुंदी म्हणजे एक 'त्सुन', जुळलेली चार बोटं म्हणजे तीन. पैलवानाच्या पायावर पैलवानाची बोटं, पोराच्या पायावर पोराची. वैद्याच्या हाताची रुंदी इथे चालत नाही.

अशा जागांची आजची प्रमाण संख्या ३६१. त्या नेमक्या शिकवायच्या कशा? चीनमध्ये सुंग राजवटीत १०२७ च्या सुमारास वांग वेइयी या वैद्याने माणसाएवढे दोन पोकळ कांस्य पुतळे घडवून घेतले आणि त्यांवर बिंदूंच्या जागी भोकं ठेवली. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला मेण फासायचं, आत पाणी भरायचं. विद्यार्थ्याची सुई अचूक बसली तर पाणी बाहेर येई, चुकली तर मेणातच रुते, अशी हकिगत सांगतात.

त्सूसानली पोटाच्या तक्रारींसाठी आणि थकव्यासाठी वापरतात. सुई नको असेल तर तिथे शेक देतात, तोही एका वनस्पतीच्या वाळक्या पानांचा. ही वनस्पती आपल्या जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातली. जपानी कवी बाशो १६८९ मध्ये पायी लांबच्या प्रवासाला निघाला, तेव्हा त्याने विजार शिवली, टोपीला नवी दोरी लावली आणि गुडघ्याखालच्या याच जागी शेक घेतला. त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलंय.

आता एक अडचणीची गोष्ट. जर्मनीतल्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्राप्रमाणे सुया घेतलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के लोकांना सहा महिन्यांनी आराम होता. मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना! नेहमीच्या उपचारांत हा आकडा २७ च होता. म्हणजे वांग वेइयीच्या पुतळ्यापुढे नापास झाल्या असत्या त्या सुया रुग्णाच्या कमरेवर जवळजवळ पास झाल्या. हे वाचून बिंदूंवरचा माझा विश्वास थोडा हलला, खोटं कशाला सांगू?

एका जागेची बाजू मात्र भक्कम आहे. तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे दोन त्सुन, म्हणजे दोन अंगठे मोजा. मूठ वळल्यावर मधोमध दोन ताठ कंडरा उठतात, त्यांच्यामध्ये आहे 'नेइग्वान'. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या जागेचा उपयोग अनेक चाचण्यांत दिसला आहे. सुया जाणकारालाच टोचू द्या, दाबायला मात्र तुमचा अंगठा पुरे. फक्त अंगठा आणि तर्जनीच्या मधली 'हगू' ही डोकेदुखी-दातदुखीची जागा गरोदर बाईने दाबू नये, असं परंपराच सांगते.

एसटी घाटाला लागली आणि पोटात ढवळायला लागलं, की नेइग्वान दाबून पाहा. पिशवी मात्र हाताशी ठेवा.