उन्हावरचं पेटंट

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात आमच्या पेडण्याच्या अंगणात सोलं वाळत पडलेली असतात. भिंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. मध्येच दोन दिवस आभाळ आलं की सोलं चिकट राहतात, कडेने पांढरी बुरशी धरतात. ऊन थोडंसं उणावलं तर काय होतं, हे आपल्या बायांना कोणी शिकवायला नको.

हेच ऊन मुद्दाम उणं करायच्या युक्तीवर पेटंट घेता येतं. 26 मार्च 1991 रोजी अमेरिकेत ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीला असं एक पेटंट मिळालं. ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक कण उंच हवेत सोडायचे, जेट विमानाच्या इंधनात मिसळूनही चालतील, म्हणजे पृथ्वीची तापमानवाढ कमी होईल, अशी ती कल्पना. याच पेटंटचा क्रमांक दाखवून ‘विमानं आपल्यावर फवारणी करतात’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यावर विश्वास ठेवू नका. पेटंट म्हणजे काम झाल्याचा पुरावा नव्हे. माझी युक्ती ठरावीक वर्षं दुसऱ्याने वापरू नये, एवढाच तो हक्क. त्या पेटंटची मुदतही कधीच संपली.

पण कल्पना पोकळ नाही. ते पेटंट मिळून तीन महिने व्हायच्या आत, 15 जून 1991 रोजी, फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला, त्याच्या सूक्ष्म थेंबांनी ऊन परतवलं आणि पुढच्या वर्षी जग सुमारे अर्ध्या अंशाने थंड झालं. त्याच काळात जगभर जमिनीवरचा पाऊसही घटला. आपला मान्सून जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर चालतो. ऊन अडवलं की या फरकालाच हात लागतो.

असे कण वर पोचवायच्या तंत्राची ब्रिटनमध्ये एक साधी चाचणी ठरली होती. फुगा एक किलोमीटर वर न्यायचा आणि नळीतून निव्वळ पाणी फवारायचं. 2012मध्ये ती रद्द झाली. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे प्रकल्पाशी संबंधित काहींनी त्या तंत्रावर आधीच पेटंटचा अर्ज केला होता. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्याचा नफा गुंतलाय, त्यानेच ‘धोका नाही’ असं सांगितलं तर ते कसं मानायचं?

आपल्या 1970च्या पेटंट कायद्यात कलम 3(ब) आहे. माणसं, जनावरं, झाडंझुडपं किंवा पर्यावरण यांना गंभीर हानी करणाऱ्या शोधाला भारतात पेटंट नाही. कलम चांगलं आहे, पण ते कागद अडवतं, वारा नाही. दुसऱ्या देशाने वर सोडलेले कण काही आठवड्यांत पृथ्वीला फेरी घालतात.

पेटंटच्या अर्जात शोध कोणाचा आणि हक्क कोणाचा, हे लिहावं लागतं. मृग कोरडा गेला आणि पेडण्यातला भाताचा तरवा करपला तर भरपाई कोण देणार, हे लिहायला तिथे जागा नाही. ती जागा आंतरराष्ट्रीय करारात आधी झाली पाहिजे, आणि ती मागायला मान्सूनवर जगणाऱ्या देशांनी, आपल्या देशाने, पुढे यायला हवं.

नमस्कार.